रविवार पेठेतले एकावन्न मणी

"ताई, माळ कसली करताय?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, "इन्सुलिनची." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आमच्या आईला चालू आहे." आणि तिथून पुढे त्याने एकेक मणी मोजून दिला, वजनावर नाही.

इन्सुलिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि माझा प्रत्येक मणी म्हणजे त्यातलं एक आम्ल. त्यामुळे माझ्या हातातली यादी विचित्रच होती. सतरा प्रकारचे मणी हवे होते, पण सारख्या संख्येने नाही. ल्यूसीनचे सहा, सिस्टीनचे सहा. ग्लायसीन, व्हॅलिन, टायरोसीन आणि ग्लुटामिक आम्लाचे चार-चार. काहींचे तीन, काहींचे दोन. अ‍ॅलनिन, आर्जिनिन, प्रोलीन आणि लायसीन यांचा मात्र एकेकच. सगळे मिळून एकावन्न. सिस्टीनमध्ये गंधक असतं म्हणून त्याचे मणी मी पिवळे घेतले. आम्लधर्मी ते लाल, अल्कधर्मी ते निळे, आणि पाण्याशी न जमणारे तेलकट स्वभावाचे सगळे लाकडी. प्रोलीनसाठी एक वाकडा, चौकोनी मणी शोधला. तो का, ते पुढे सांगते.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं झाली. फळ्यावर इन्सुलिनची साखळी किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पण ही माळ विद्यार्थ्यांसाठी नव्हती, बाबांसाठी होती.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सोळा वर्षं इन्सुलिन घेतात. फ्रीजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात त्यांची बाटली असते, आणि ती सोडून त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही हा घरातला नियम आहे. गेल्या महिन्यात रात्री जेवायच्या आधी सुई टोचता टोचता त्यांनी विचारलं, "अगं, इतकी वर्षं हे पोटात टोचतोय. हे नक्की आहे तरी काय? पाण्यासारखं तर दिसतं."

मी "प्रथिन आहे" म्हणून सुटू शकले असते. पण बाबांना असं अर्धवट उत्तर चालत नाही. त्यांनी एकतीस वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. लाकडी केसच्या खणांतून न बघता एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उलटा बसवायचा, ओळ भरली की गॅलीत सरकवायची. अक्षरं कशी एकापुढे एक लागतात आणि एक चुकलं तर काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच इन्सुलिन त्यांना हातात धरता यावं असं मला वाटलं.

आता त्या मण्यांविषयी.

अमिनो आम्लाचा रेणू मधल्या एका कार्बनभोवती उभा असतो. त्या कार्बनला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्याला कार्बॉक्सिल आम्ल गट, तिसऱ्याला साधा हायड्रोजन. चौथ्या हाताला जे काही असेल त्यावर त्या आम्लाचं नाव आणि स्वभाव ठरतो. त्याला पार्श्वसाखळी म्हणतात. ग्लायसीनला तिथे फक्त आणखी एक हायड्रोजन. अ‍ॅलनिनला छोटा मिथाइल गट. लायसीनला लांब शेपूट आणि टोकाला धन प्रभार. ग्लुटामिक आम्लाला ऋण प्रभार. प्रोलीनची पार्श्वसाखळी तर मागे वळून स्वतःच्याच नायट्रोजनला जाऊन चिकटते, कडं तयार होतं, आणि जिथे प्रोलीन येतं तिथे साखळी ताठ होऊन वळण घेते. म्हणून तो वाकडा मणी. आपल्या शरीरातली प्रथिनं प्रामुख्याने अशा वीस आम्लांचीच बनलेली आहेत. पहिलं सापडलं १८०६ साली, अ‍ॅस्परागसच्या रसात, म्हणून अ‍ॅस्परजिन. विसातलं शेवटचं, थ्रिओनिन, सापडायला १९३५ उजाडलं. एवढी छोटी वर्णमाला हाती यायला सव्वाशेच्या वर वर्षं गेली.

बाबांनी लगेच पकडलं, "वीसच खिळे? आमच्या केसमध्ये तर शेकडो असायचे, जोडाक्षरं धरून."

वीसच. आणि इन्सुलिनला त्यातलेही तीन लागत नाहीत. अ‍ॅस्पार्टिक आम्ल, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन त्यात कुठेच नाहीत.

खिळ्यांवरून आणखी एक गोष्ट सांगता आली, जी वर्गात समजावताना मला नेहमी त्रास होतो. चारही हातांना वेगवेगळे गट असले की तो रेणू दोन प्रकारे उभा राहू शकतो, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. ग्लायसीन सोडलं तर बाकी एकोणीस आम्लं अशी दोन रूपांत असू शकतात, पण प्रथिनं बांधताना शरीर त्यातलं एकच, डावं रूप वापरतं. बाबा म्हणाले, "म्हणजे खिळा आणि छापलेलं अक्षर." अगदी तेच. खिळ्यावरचा 'क' आणि कागदावरचा 'क' एकमेकांवर कधीच बसत नाहीत. पुढच्या वर्षी वर्गात मी हेच उदाहरण देणार आहे.

माळ ओवायला भाची बसली होती माझ्याबरोबर. बारावीला आहे. मी अक्षरं वाचत गेले, ती ओवत गेली. अर्ध्यावर फोन आला म्हणून मी उठले. परत आले तर तिने दोरा दुसऱ्या टोकाने उचलून पुढचे मणी भलत्या बाजूला ओवले होते. "मावशी, दोरा कुठूनही धरला तरी तोच ना?" चूक तिची नव्हती, माझ्या मण्यांची होती. मण्याला दोन्हीकडे सारखंच भोक असतं. अमिनो आम्लाला तसं नसतं, त्याला एकीकडे अमिनो हात असतो आणि दुसरीकडे आम्लाचा. एकाचा आम्लाचा हात पुढच्याच्या अमिनो हाताला जोडला जातो, त्यात पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि जो पक्का दुवा तयार होतो तो पेप्टाइड बंध. शंभर जणांनी एकाच दिशेला तोंड करून हात धरले तर एका टोकाला एक डावा हात मोकळा राहील आणि दुसऱ्या टोकाला एक उजवा. साखळीचंही तसंच. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो, आणि वाचायची ती नेहमी अमिनो टोकाकडून. 'चिमा काय कामाची' दोन्हीकडून सारखं वाचता येतं, इन्सुलिन येत नाही. ग्लायसीन-अ‍ॅलनिन आणि अ‍ॅलनिन-ग्लायसीन हे दोन वेगळे पदार्थ आहेत. ते सगळे मणी काढून आम्ही पुन्हा ओवले, आणि सुरुवातीच्या टोकाला एक बारीक काळा मणी खूण म्हणून बांधला.

इन्सुलिनला दोन साखळ्या आहेत. एक एकवीस मण्यांची, तिला ए म्हणतात, आणि एक तीस मण्यांची, ती बी. सहा सिस्टीनमधली गंधकं एकमेकांना जोडून तीन पूल होतात. दोन पूल ए आणि बी यांना एकत्र बांधतात, तिसरा ए साखळीतल्या सहाव्या आणि अकराव्या मण्यांमध्ये. ते मी तांब्याच्या तारेने केले. दुधावर साय धरावी तितक्या सावकाश बाबा ती माळ बोटांवरून फिरवत होते. मग म्हणाले, "आणि हा क्रम कोणी लावला? म्हणजे कळला कसा?"

ही गोष्ट सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही.

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर नावाचे संशोधक होते. १९४०च्या दशकात त्यांनी गाईगुरांपासून काढलेलं इन्सुलिन हातात घेतलं. त्या वेळी प्रथिनांना ठरलेला क्रम असतो की नाही यावरच एकमत नव्हतं. काहींना वाटायचं की आम्लं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असावीत, तोरणातल्या पानांसारखी. सँगरनी एक रसायन वापरलं, डायनायट्रोफ्लुओरोबेंझिन. ते साखळीच्या मोकळ्या अमिनो टोकाला चिकटतं आणि त्याला पिवळा रंग देतं. मग साखळी आम्लात उकळून मणी सुटे केले तरी पहिला मणी पिवळ्या खुणेमुळे ओळखू येतो. आमच्या काळ्या मण्यासारखंच, फक्त त्यांचा रेणूला बांधलेला.

पण पहिला मणी कळून पुढचे कळत नाहीत. त्यासाठी साखळीचे निरनिराळ्या ठिकाणी तुकडे पाडायचे आणि ते तुकडे एकमेकांवर कुठे चढतात ते बघायचं. बाबांना मी एका कागदावर लिहून दाखवलं: 'सदाशिव पेठेतून रविवार पेठेत'. समजा हीच ओळ छापलेले खूप कागद कोणी फाडले आणि तुमच्या हाती 'पेठे', 'पेठे', 'तून', 'त' एवढंच आलं. कुठल्या पेठेनंतर 'तून' आणि कुठल्यानंतर 'त', कसं कळणार? पण 'शिव पेठेतून' आणि 'वार पेठेत' असे लांब तुकडे मिळाले तर कोडं सुटतं. इन्सुलिनच्या बी साखळीत हेच होतं. ल्यूसीन-व्हॅलिन ही जोडी दोनदा येते, अकरा-बाराव्या जागी आणि सतरा-अठराव्या जागी. एकीच्या पुढे ग्लुटामिक आम्ल, दुसरीच्या पुढे सिस्टीन. ही 'पेठ' कुठली ते लांब तुकडे मिळाल्याशिवाय ठरत नाही. सँगर आणि हान्स टुप्पी यांनी बी साखळीचा क्रम १९५१ मध्ये पुरा केला, ए साखळीचा सँगर आणि एडवर्ड थॉम्पसन यांनी १९५३ मध्ये, आणि १९५५ पर्यंत गंधकाचे पूलही जागेवर बसले. तोरणाचा नियम कुठेच सापडला नाही. प्रत्येक जागी ठरलेलं एकच आम्ल होतं, आणि त्याआधीचं पाहून पुढचं सांगता येत नव्हतं. १९५८ चं रसायनशास्त्राचं नोबेल सँगरना मिळालं. पुढे १९८० मध्ये दुसरंही मिळालं, तेही क्रम वाचण्यासाठीच, या वेळी डीएनएतला. आयुष्यभर या माणसाने प्रूफं वाचली, असं बाबांचं म्हणणं पडलं.

हे तुकडे ओळखायचे कसे, ते मी स्वतःच्या हाताने केलंय. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात गाळणकागदाच्या पट्टीवर मिश्रणाचा एक थेंब द्यायचा, पट्टी ब्यूटेनॉल, अ‍ॅसिटिक आम्ल आणि पाण्याच्या मिश्रणात टांगायची आणि रात्रभर सोडून द्यायची. द्रावण वर चढताना प्रत्येक आम्ल आपापल्या वेगाने मागे राहतं. सकाळी खोलीभर तो गोडसर आंबट, डोकं धरणारा वास भरलेला असायचा. पट्टी वाळवायची, तरीही ती कोरीच दिसते. मग निनहायड्रिन फवारून ओव्हनमध्ये ठेवायची, आणि काही मिनिटांत कोऱ्या कागदातून जांभळे ठिपके वर येतात, आधी फिके, मग गडद. फक्त प्रोलीनचा ठिपका पिवळा. माझ्या पहिल्या पट्टीवर ठिपक्यांबरोबर माझ्या अंगठ्याचा पूर्ण ठसा उमटला होता, रेषा न् रेषा. हातमोजे न घालता कागद धरला होता मी, आणि घामातही अमिनो आम्लं असतात. बाईंनी पट्टी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे तुझंच आहे, वहीत लाव." ती वही अजून माझ्याकडे आहे. ठसा आता करडा पडलाय.

क्रम बदलला तर काय होतं, हे बाबांना सांगायची गरजच नव्हती. त्यांनीच मला सांगितलं. छापखान्यात लागले त्या पहिल्याच वर्षी एका लग्नपत्रिकेचं काम त्यांच्याकडे होतं. मुलाचं नाव रमण. पहिले दोन खिळे त्यांच्या हातून अदलाबदल होऊन बसले. तीनच खिळे, तेच तीन. प्रूफ वाचणाऱ्याने पाहिलं म्हणून वाचलं. बाबा सांगताना थांबले. पंचावन्न वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, हवेत बोटाने लिहून दाखवला.

मग मी माळेचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. बी साखळीचा अठ्ठाविसावा मणी प्रोलीन, एकोणतिसावा लायसीन. सबंध इन्सुलिनमध्ये या दोघांचा एकेकच मणी आहे आणि ते शेजारी शेजारी बसतात. मी गाठ सोडली, शेवटचे तीन मणी काढले, आणि त्या दोघांची जागा बदलून परत ओवले. "हे तुमचं," मी म्हटलं. "तुमच्या बाटलीतलं."

बाबा आठ वर्षांपासून हेच बदललेलं इन्सुलिन घेतात, त्याचं नाव लिस्प्रो. त्याआधी साधं मानवी इन्सुलिन घ्यायचे आणि जेवणाआधी अर्धा तास घड्याळ लावून बसायचे, कारण साधं इन्सुलिन त्वचेखाली गेलं की लगेच कामाला लागत नाही. त्याचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती घोळका करून असतात. सहाचे दोन, दोनांचा एक, असं सुटं होऊन रक्तात जायला वेळ लागतो. दोन रेणू एकमेकांना जिथे टेकतात, ती जागा बी साखळीच्या या शेपटीपाशी आहे. तिथले दोन मणी उलटे केले की टेकण सैल पडतं, घोळका पटकन मोडतो. म्हणून आता टोचलं की पंधरा मिनिटांच्या आत जेवायला बसता येतं. हा बदल केलेलं औषध १९९६ पासून वापरात आहे. तेच एकावन्न मणी, एकही कमी-जास्त नाही.

बाबा बराच वेळ त्या दोन मण्यांवर अंगठा ठेवून होते.

आईच्या आईलाही मधुमेह होता. तिला मिळायचं ते गुरांचं इन्सुलिन. मानवी इन्सुलिनपासून त्यात तीन मणी वेगळे: ए साखळीत आठवा आणि दहावा, बी साखळीत शेवटचा. डुकराच्या इन्सुलिनमध्ये तर तो शेवटचा एकच वेगळा. तीन मणी वेगळे असूनही ते तिच्या शरीरात काम करत होतं, आणि तिला त्याने अठरा वर्षं दिली. बाटलीवर काय लिहिलंय हे आजोबांनी तिला कधी वाचून दाखवलं नाही, एवढं मला मामाकडून कळलं. मला आठवतं ते स्टीलच्या भांड्यात उकळत ठेवलेली काचेची सिरिंज, भांड्याच्या तळाशी तिची होणारी किणकिण, आणि आजीच्या मांडीवरचे खड्डे. त्या काळच्या इन्सुलिनने तसे खड्डे पडायचे. पुढे जिवाणूंकडून मानवी क्रमाचंच इन्सुलिन करून घेता येऊ लागलं, ते १९८२ मध्ये बाजारात आलं. आजीला ते मिळालं नाही.

"मग याची गोळी का नाही करत?" हा बाबांचा शेवटचा प्रश्न. कारण पोटाला इन्सुलिन आणि वरण यांत फरक कळत नाही. दोन्ही प्रथिनंच. जठरातलं पेप्सिन, पुढे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, सगळे मिळून माळ तोडतात. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, कायमोट्रिप्सिन मुख्यतः टायरोसीन, फिनाइलअ‍ॅलनिनसारख्या मोठ्या कड्यांच्या पुढे. सँगरनी काचेच्या नळीत वापरल्या त्याच या कात्र्या. वरणभाताचे मणी सुटे होतात आणि शरीर त्यांतून आपल्याला हव्या त्या माळा ओवतं. भातात लायसीन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही एकत्र जेवलं की विसांचा हिशोब बरा जमतो. इन्सुलिन मात्र सुटं झालं की ते इन्सुलिन उरत नाही. क्रमाशिवाय ते नुसते एकावन्न मणी.

माळ आता देवघराशेजारच्या खिळ्यावर आहे. मी ती एक दिवस कॉलेजात नेली होती. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, पुण्यात वसतिगृहात राहते. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिला स्वतःला त्याचा एकच वाटा आहे, म्हणजे ती वाहक आहे. "मॅडम, अशी माझ्या आईसाठी करता येईल का? तिला वाटतं तिच्या हातून काही चुकलं."

हिमोग्लोबिन हे रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन, आणि त्याच्या बीटा साखळीत १४६ मणी. एवढी लांब माळ नकोच होती. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी निरोगी आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापून तुकडे कागदावर पसरले, निनहायड्रिनने रंगवले, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. सगळे ठिपके जुळत होते, एक सोडून. त्या एका तुकड्यात आठ मणी आहेत. व्हॅलिन, हिस्टिडीन, ल्यूसीन, थ्रिओनिन, प्रोलीन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसीन. सहाव्या जागी ऋण प्रभाराच्या, पाण्याशी जमणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी तेलकट व्हॅलिन येतं. प्राणवायू सोडला की ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन अडकतं, रेणूंच्या लांब दोऱ्या होतात, आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. आईने काय खाल्लं, कुठला उपास मोडला, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ते मणी आईवडिलांकडून आलेले, त्यांच्याकडे त्यांच्या आईवडिलांकडून.

शनिवारी पुन्हा रविवार पेठेत गेले. दुकानदाराने ओळखलं, आईची तब्येत आपणहून सांगितली. दोन छोट्या माळा लागतील एवढे मणी घेतले. रविवारी सकाळी बाबा मदतीला बसले. मी नावं वाचत होते, ते एकेक मणी उचलून ओवत होते, मधूनमधून प्रूफ वाचल्यासारखं मागून पुढे तपासत होते. दुसऱ्या माळेच्या सहाव्या जागेला आले तेव्हा लाल मण्याच्या वाटीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि लाकडी मणी उचलला.